जुन्या पिकअपला पाच गिअर आणि मागचा एक्सल: आधी वही, मग पाना

आमच्याकडे १९७४ ची लांब चॅसिसची जीप आहे, मागे लोखंडी हौदा, म्हणजे पिकअपच. काकांनी नर्सरीच्या कुंड्या आणि खत वाहायला घेतली होती, आता माझ्या गळ्यात आहे. हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स आणि मागे ५.३८ चा क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली मोठ्या (क्राउन) आणि छोट्या (पिनियन) दातेरी चक्राची जोडी, चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या ५.३८ फेऱ्या, हाच तिचा रेशो. इंजिन अजून टणटणीत आहे, पण इंदूरहून महूला निघालं की पन्नासच्या वर एवढा आवाज की शेजारी बसलेल्याला खुणेनं सांगावं लागतं, आणि पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर पडताना दोन्हीकडचे दात एका वेगाला आणणारी रिंग) नाही त्यामुळे सिग्नलवर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, नाहीतर डबल क्लच मारा, म्हणजे दोनदा क्लच दाबा, आणि मागच्या रिक्षावाल्याचं ऐकून घ्या.

म्हणून पाच गिअर टाकायचे ठरवले. काम दोन महिन्यांचं होतं, मला चौदा महिने लागले, कारण मी आधी गिअरबॉक्स घेतला आणि एक्सलचा विचार नंतर केला. तुम्ही असं करू नका. गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल ही नवरा-बायकोसारखी जोडी आहे, एकाचं ठरवताना दुसऱ्याला विचारलं नाही की घरात रोज भांडण.

पहिल्यांदा हिशोब

भंगार बाजारात जायच्या आधी अंगणात एक काम करा. नेहमीचा माल हौद्यात टाका, मागच्या टायरवर खडूनं खूण करा, खाली फरशीवरही करा, आणि गाडी ढकलून टायरची खूण पुन्हा खाली येईपर्यंत न्या. दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. टायरच्या बाजूला लिहिलेल्या मापावरून काढू नका, लोड असताना टायर दबतो त्यामुळे फरक पडतो. माझं आलं २.२५ मीटर.

आता ६० च्या वेगाला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते. १००० भागिले २.२५, म्हणजे चाक मिनिटाला ४४४ फेऱ्या मारतं. टी-९० चा तिसरा गिअर सरळ एकास एक आहे, त्यामुळे ४४४ गुणिले ५.३८, इंजिन मिनिटाला साधारण २३९० फेऱ्यांवर. ८० ला तेच होतं ३१९०. या इंजिनाची पूर्ण ताकद ४००० ला येते, म्हणजे ८० ला ते बिचारं जवळजवळ टाचा वर करून पळत असतं. आणि त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सगळ्यात जास्त असतो २००० च्या आसपास. हा २००० चा आकडा वहीत मोठा लिहून ठेवा (तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याच्या मॅन्युअलमधून त्याचा काढा), कारण सगळी निवड यावरच करायची आहे, ज्या वेगानं तुम्ही हायवेवर तासन् तास जाणार त्या वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिन या आकड्याच्या जवळ बसलं पाहिजे. फार खाली गेलं तर चढावर हुंदके देतं, फार वर गेलं तर पेट्रोल पितं.

पहिल्या गिअरचाही गुणाकार करा, लोक हा विसरतात. टी-९० चा पहिला २.७९८ आहे, गुणिले ५.३८ म्हणजे १५ च्या थोडं वर. भरलेली गाडी चढावर उचलायला हे लागतं, नवीन जोडीत हा आकडा १५ च्या खाली गेला तर क्लच प्लेटचा खर्च दरवर्षी धरून चाला.

जुना बॉक्स विकणारा रेशो सांगतो ते ऐका आणि सोडून द्या, स्वतः मोजा. सोपं आहे. पुढच्या शाफ्टवर एक खूण, मागच्यावर एक खूण, पाचवा गिअर टाकून मागचा शाफ्ट हातानं दहा वेळा फिरवा आणि पुढचा किती वेळा फिरला ते मोजा. मी घेतलेल्या बॉक्सचं आलं आठ, म्हणजे पाचवा ०.८. पहिल्याला मागची एक फेरी म्हणजे पुढच्या चार. एक्सलचंही तसंच, पण तिथे जरा डोकं लावावं लागतं: एक चाक बांधून ठेवलं आणि दुसरं फिरवलं तर डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) मधे गंमत करतं, त्या चाकाच्या दोन फेऱ्यांना पिनियनच्या जेवढ्या फेऱ्या तो रेशो. त्यापेक्षा झाकण उघडून दात मोजणं बरं. ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. क्राउनच्या कडेला हे आकडे बहुतेक वेळा कोरलेले असतात, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, दिसतात.

माझं कुठे चुकलं

एका जुन्या डिझेल युटिलिटीचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला, चांगला होता, दात पाहिले, सिंक्रोच्या रिंगा पाहिल्या, घेऊन आलो. पण तो होता टू-व्हील गाडीचा, मागचा शाफ्ट बरोबर मधून बाहेर येणारा. आणि माझ्या जीपला बॉक्सच्या मागे डाना-१८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलला वाटणारा डबा), ज्याचा मागचा शाफ्ट मधून न निघता एका बाजूनं निघतो, म्हणूनच जुन्या फोर-व्हील जीपच्या मागच्या एक्सलचा गोळा (क्राउन-पिनियनचा फुगीर भाग) एका बाजूला सरकलेला असतो, कधी खाली वाकून पाहिलं असेल तर लक्षात आलं असेल. आमच्या गाडीचा पुढच्या एक्सलला जाणारा शाफ्ट काकांनीच कधीतरी काढून माळ्यावर टाकला होता, फोर-व्हील कुणी वीस वर्षं लावलेलं नाही, म्हणून मी म्हटलं ट्रान्सफर काढूनच टाकू. काढला. आता बॉक्स मधे आणि गोळा बाजूला, दोघांना जोडणारा लांब शाफ्ट तिरका.

मेकॅनिक म्हणाला, "कुछ नहीं होता साब, शाफ्ट थोड़ा तिरछा चल जाएगा." चाललाही. चाळीसपर्यंत. त्याच्यापुढे खालून असा थरथराट की हौद्यातल्या कुंड्या आपसात बोलायला लागल्या, आणि सहाशे किलोमीटरमध्ये शाफ्टच्या मागच्या जॉइंटचा क्रॉस (अधिकच्या खुणेसारखा तुकडा) गेला. हा शाफ्ट खाली-वर आणि आडवा असा दोन्हीकडून वाकडा होता, जॉइंटला एवढं झेपत नाही.

आणि आणखी एक गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी कळली, सुदैवानं सपाट जागेवर. या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो! तो ट्रान्सफर केसच्या मागे एका छोट्या ड्रमवर असतो. ट्रान्सफर काढला की हँडब्रेकही गेला. विटा लावून गाडी उभी करायची वेळ आली.

म्हणजे एक्सल बदलणं आलंच, गोळा मधे असलेला, चाकात केबलचा हँडब्रेक असलेला. आता मी पुन्हा घाई केली. एका मोडीत निघालेल्या पॅसेंजर गाडीचा डाना-४४ घराण्यातला पूर्ण एक्सल स्वस्तात मिळत होता, ३.७३ चा. हिशोब न करता उचलला. ३.७३ गुणिले ०.८ म्हणजे २.९८, साठला इंजिन १३२५ वर. रिकाम्या गाडीला बायपासवर मस्त शांतता. पण खताच्या पोत्यांसकट खंडवा रोडनं भेरूघाट चढायला घेतला तर पाचवा काय, चौथाही नाही, पूर्ण घाट तिसऱ्यात, आणि मागे बसची रांग. पहिल्याचा आकडा चार गुणिले ३.७३, १४.९, म्हणजे जुन्यापेक्षाही कमी. पाचवा गिअर नुसता शोभेचा झाला होता.

मग शेवटी वही काढली. ४.२७ गुणिले ०.८ म्हणजे ३.४२, ८० ला इंजिन २०२० च्या आसपास, टॉर्कच्या बरोबर माथ्यावर. पहिला चार गुणिले ४.२७, १७ च्या वर, जुन्यापेक्षा दणकट. हे दहा मिनिटांचं गणित पहिल्या दिवशी केलं असतं तर एक एक्सल कमी खोलावा लागला असता.

आणि इथेही एक खड्डा होता. डाना-४४ मध्ये क्राउन ज्याच्यावर बसतो तो केरिअर सगळ्या रेशोंना एकच नसतो, ३.७३ आणि त्याच्या खालच्यांना वेगळा, ३.९२ आणि वरच्यांना वेगळा. माझ्या ३.७३ च्या केरिअरवर ४.२७ चा क्राउन बसवला तर तो पिनियनपर्यंत पोचतच नाही. म्हणजे केरिअरही घ्यावा लागला. कुणी मधे जाड रिंग टाकून काम करतात, मी मालवाहू गाडीत ते करणार नाही.

ज्यांना फोर-व्हील ठेवायचं आहे त्यांनी ट्रान्सफर काढूच नका, आणि मागे ४.२७ टाकलं तर पुढेही ४.२७ टाकायलाच लागेल. मागे एक रेशो पुढे दुसरा असं ठेवून फोर-व्हील लावलं तर दोन्ही एक्सल एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटेपर्यंत खेळतात.

एक्सल घेताना टेप सोबत न्या

चार मापं: दोन्ही ड्रमच्या तोंडांमधलं अंतर, कमानीच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) बैठकींचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर, नळीची जाडी (यू-बोल्ट त्यावरून येतील), आणि चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ. जीपचं पाच बोल्ट आणि साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. हे जुळलं नाही तर पुढे-मागे वेगळ्या रिम, आणि स्टेपनी कुठली ठेवायची?

टोकाकडेही पहा. चाकाच्या मधोमध एक मोठा नट आणि खिटी असेल तर तो टेपर शाफ्ट आहे, हब चावीवर बसलेला, काढायला तगडा पुलर लागतो आणि ओव्हरलोडला तुटतो तो नेमका त्या चावीच्या खाचेपाशी. हबवर बाहेर आलेली टोपी आणि तिच्याभोवती बोल्टांचं कडं असेल तर तो फुल फ्लोटिंग, चाक न काढता शाफ्ट बाहेर येतो आणि गाडीचं वजन शाफ्टवर येत नाही. माल वाहायचा असेल आणि मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन हाच घ्या. मला मिळाला नाही, फ्लँजवाला सेमी फ्लोटिंग, ज्यात वजन शाफ्टवर येतं, तो मिळाला, त्यावर समाधान मानलं.

बॉक्स बसवणं

गाडी चार मजबूत घोड्यांवर, जॅकवर नाही. जॅक फक्त उचलायला असतो, खाली झोपायला नाही. जुना टी-९० आणि ट्रान्सफर मिळून दोन माणसांनाही जड जातो, चेन-पुली लावा, माझ्या भाच्यानं हौशीनं छातीवर घेतला होता, आठवडाभर शेकत बसला.

नवीन बॉक्स तुमच्या बेल हौसिंगवर (इंजिन आणि बॉक्समधलं क्लचचं घर) सरळ बसेल अशी आशा ठेवू नका. पाहायच्या गोष्टी: बोल्टांची जागा, बॉक्सच्या तोंडाची गोल बाही बेल हौसिंगच्या भोकात किती घट्ट बसते, पुढच्या शाफ्टची लांबी, स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या उभ्या खाचांचे) दात आणि जाडी, आणि टोकाची ती बारीक नळी फ्लायव्हीलच्या पायलट बुशमध्ये (शाफ्टचं टोक धरणारी बाही) जाते का. मी पिथमपूरच्या एका टर्नरकडून १८ मिलिमीटरची अडॅप्टर प्लेट करून घेतली. प्लेट जेवढी जाड तेवढा शाफ्ट मागे येतो हे तेव्हाच धरा. पायलट बुश नवीन, बाहेरून फ्लायव्हीलच्या मापाचा, आतून नव्या शाफ्टच्या. क्लच प्लेट बाहेरून जुन्या प्रेशर प्लेटएवढी आणि मधे नव्या बॉक्सच्या स्प्लाइनची, इंदूरच्या सियागंज बाजारात दोन फेऱ्यांत मिळाली.

आणि प्लेट लावल्यावर डायल गेजनं (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) बेल हौसिंगचं भोक तपासा, क्रँकच्या मध्याशी ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेलं नको. हे कुणी करत नाही. मग वर्षभरात बॉक्सचं पुढचं बेअरिंग बोंबलतं, गिअर आपोआप निसटतो, आणि दोष बॉक्सला.

रात्री अकरा वाजता आम्ही बॉक्स चढवत होतो. सगळा आत गेला, शेवटचं बोटभर अंतर राहिलं. "मामा, आता जातच नाहीये, बोल्ट लावून ओढून घेऊ का?" मी खाली, तो वर, दोघांना भूक लागलेली, मी हो म्हणणार होतो. नाही म्हटलं ते बरं झालं. हात लावून बॉक्स काढला, पाहिलं तर पायलट बुशच्या कडेला एक कवडीएवढी चकचकीत रेघ, शाफ्टचं टोक तिथे टेकत होतं. बुश अर्धा मिलिमीटर लहान होता. बोल्टनं ओढलं असतं तर बॉक्सचा कान तरी तुटला असता नाहीतर बुश फिरून क्रँक खराब. नियम असा, हातानं पूर्ण बसतो तोच बसला, बोल्ट फक्त धरून ठेवायला. सकाळी पोहे खाऊन टर्नरकडे, दुपारी बॉक्स हातानं टक्कन आत.

क्रॉस मेंबर नवीन जागी आणायचा तर चॅसिस कापू नका, वेल्डिंगही शक्यतो नको, बोल्टचा ब्रॅकेट करा. उद्या मूळ बॉक्स परत टाकायचा झाला तर रस्ता मोकळा हवा.

क्राउन-पिनियन: इथे घाई नको

हे काम पूर्ण कामातलं अर्धं आहे. माझ्या पहिल्या मेकॅनिकनं जुन्या शिम (मापाच्या पातळ चकत्या) होत्या तशाच टाकून नवीन जोडी बसवली, "आवाज अपने आप बैठ जाएगा." तो बसला नाही, वाढला. खोललं तर दातांच्या टोकावर निळे-काळे भाजल्याचे डाग. दुसऱ्यांदा मी स्वतः केलं, तीन रविवार लागले.

क्राउन आणि पिनियन जोडीनंच घ्या, दोघांवर एकच जुळणी-नंबर कोरलेला असतो. एकाचा क्राउन दुसऱ्याचा पिनियन कधीच नाही, दात मोजून बरोबर आले तरी नाही. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा एक छोटा आकडा असतो, हजारांश इंचात, जुन्या पिनियनच्या आणि नव्याच्या आकड्यातला फरक पाहून पहिली शिम निवडता येते. तिथून पुढे मात्र डोळ्यांचं काम.

पहिलं पिनियन बेअरिंगचा ताण. सील न लावता, केरिअर बाहेर ठेवून, पिनियन नट पूर्ण आवळा (डाना-४४ ला २०० ते २२० फूट-पाउंड, म्हणजे २७० ते ३०० न्यूटन-मीटर, लांब पाइप आणि दुसऱ्या बाजूनं फ्लँज धरायला पट्टी हवीच) आणि मग फ्लँजला दोरी गुंडाळून मासे तोलायच्या काट्यानं ओढा. नव्या बेअरिंगला २० ते ४० इंच-पाउंड पाहिजे, म्हणजे २३ ते ४६ किलो-सेंटिमीटर. दोरी मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल तर काटा सावकाश फिरताना साडेचार ते नऊ किलो दाखवेल. सुरुवातीचा झटका मोजू नका, फिरत असतानाचा मोजा. कमी आला तर बेअरिंगची शिम कमी, जास्त आला तर वाढवा. मला सात वेळा नट खोलावा लागला, सातव्या वेळी काटा सहावर स्थिर राहिला तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, मासे कुठले? आम्ही देशस्थ.

मग केरिअर टाकून बॅकलॅश, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली मोकळी जागा. डायल गेजचं टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या बाजूला काटकोनात, पिनियन धरून क्राउन हलवा. ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर. एका जागी नाही, क्राउन फिरवत चार जागी.

मग मार्किंग. दहा-बारा दातांना पिवळा पेस्ट किंवा प्रशियन ब्लू पातळ लावा, क्राउनला लाकडानं थोडा अडसर द्या आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. दातावर ठसा उमटतो. ठसा दाताच्या मुळाकडे खोल उतरला असेल तर पिनियन जास्त आत गेलाय, शिम काढा. दाताच्या वरच्या कडेला असेल तर पिनियन बाहेर राहिलाय, शिम घाला. आतल्या टोकाकडे सरकला असेल तर क्राउन पिनियनपासून लांब न्या, बाहेरच्या टोकाकडे असेल तर जवळ आणा. दर वेळी बॅकलॅश पुन्हा मोजा. पाहिजे तो ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा लांबट, कडांना न टेकणारा. मी प्रत्येक वेळचा फोटो काढून ठेवला, वहीत शिमचं माप लिहून, नाहीतर पाचव्या वेळेला कुठून कुठे आलो ते कळत नाही.

एक्सल खाली लावताना

कमानीच्या बैठकी नळीवर वेल्ड कराव्या लागतात आणि इथे लोक एक्सल हवेत लटकवून अंदाजे वेल्ड मारतात. गाडी चाकांवर उभी करा, नेहमीचं वजन टाका, मग कोन मोजा. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप चालतं. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट जितका खाली झुकलाय, पिनियन तितकाच वर पाहिला पाहिजे, दोन्ही समांतर, फरक एक अंशाच्या आत. कमानीच्या गाडीत गॅस दिला की पिनियनचं नाक वर उठतं म्हणून मी अंशभर खालीच ठेवलं. शाफ्ट आणि पिनियनमधला कोन तीन अंशांच्या आत असावा, पण शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात. आधी फक्त टाके मारा, पुन्हा मोजा, मग एक्सल खाली काढून थोडं इकडे थोडं तिकडे असं थांबत थांबत वेल्ड. सलग मारलं तर नळी वाकते, आणि वाकलेली नळी डोळ्याला दिसत नाही, टायर खाऊन सांगते.

प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून एक्सलपर्यंतचा लांब शाफ्ट) कापून नवीन लांबीचा करायचा, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत, आणि बॅलन्स करूनच. सरकत्या जोडाला आत जायला इंचभर जागा सोडा, खड्ड्यात एक्सल वर आला की तो आत सरकतो.

एक्सलचा ब्रीदर, ती वरची बोटाएवढी नळी, तार घालून मोकळी करा. ती बुजली तर तेल तापून सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, आणि तुम्ही सील बदलत बसता.

तेल दोन्हीकडे एकच टाकू नका. एक्सलमध्ये हायपॉइड दात घासत चालतात, तिथे जीएल-५ (हा डब्यावर लिहिलेला तेलाचा दर्जा) लागतं. गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोला जीएल-५ मधली रसायनं मानवत नाहीत, तिथे जीएल-४. दुकानदार "९० नंबर" म्हणून एकच डबा देतो, डब्यावर वाचून घ्या.

ब्रेक, स्पीडोमीटर, आरसी

गाडी आता ८० ला आरामात जाते पण ब्रेक अजून पन्नासवाल्या जमान्यातले. मागच्या एक्सलबरोबर ड्रम आले, तरी पुढचे लाइनर, सिलिंडर आणि सगळ्या रबरी नळ्या मी त्याच आठवड्यात बदलल्या. राऊ-खलघाट रस्त्यावर गणपती घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकांचं काय होत आलंय ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

स्पीडोमीटर नक्की खोटं बोलणार. ज्यांनी जुना ट्रान्सफर ठेवून फक्त ५.३८ चं ४.२७ केलं त्यांना काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ७५ वर असेल. किलोमीटरही कमी मोजले जातील, आणि ॲव्हरेज उगाच कमी दिसेल. मोबाइलच्या जीपीएसवर ४०, ६०, ८० ला काटा कुठे येतो ते पाहून काचेवर तीन रेघा मारल्या, सध्या त्यावरच चालतंय.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आरसीवर जे लिहिलंय त्यात परवानगीशिवाय फरक पडता कामा नये. गिअरबॉक्सचा नंबर आरसीवर नसतो, पण टायरचं माप, एक्सलवरचं वजन, इंजिन आणि चॅसिस नंबर असतात, त्यामुळे मोठे टायर किंवा जास्त वजनाचा एक्सल टाकणार असाल तर आधी आरटीओत विचारा. व्हिंटेज नोंदणीची ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी, २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांच्या वरची गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली चालत नाही. मी म्हणूनच चॅसिसला कापायला हात लावला नाही. टी-९०, ट्रान्सफर आणि जुना एक्सल ग्रीस लावून, ताडपत्रीत बांधून जिन्याखाली ठेवलेत. बायको म्हणते भंगारवाला आला की देऊ, मी म्हणतो हो.

पहिला रस्ता

नवी क्राउन-पिनियन जोडी पहिल्या दिवशी पळवू नका. वीस-तीस किलोमीटर सावकाश, मग गाडी उभी करून गोळा पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा. हात लावून पहा, गरम असणं ठीक, पण हात टेकवता येत नसेल तर बेअरिंगचा ताण जास्त झालाय. पहिले ८०० किलोमीटर माल नाही, मग तेल बदला.

मी ८०० ला तेल काढलं तेव्हा चुंबकाच्या बोल्टवर राखाडी गाळ होता, बोटांत चोळला तर पावडरसारखा, कण नाही, म्हणजे ठीक. कण किंवा चकती निघाली तर पुन्हा खोला. आमची आता भेरूघाट चौथ्यात चढते, मधल्या दोन वळणांना तिसरा लागतो. ५५ च्या आसपास गॅस सोडला की मागून एक बारीक घुं अजून येते, गॅस दिला की जाते. म्हणजे दाताच्या उलट्या बाजूचा ठसा थोडा सरकलेला आहे, फोटो पुन्हा काढून पाहिले तर दिसतोही. पावसाळा संपला की एक शिम काढून पाहणार आहे, तोवर भाचा म्हणतो रेडिओ लावा.